पाच मिलिमीटरचा सत्कार

आयुष्यात माझा एकदाच जाहीर सत्कार झाला. तो मी केलेल्या एका चुकीबद्दल होता. सत्कार करणाऱ्यांना हे माहीत नव्हतं आणि त्या दिवशी मलाही नव्हतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. देश नुकताच खुला झाला होता, म्हणजे परदेशात जुनं झालेलं सामान आपल्याकडे नवं म्हणून येऊ लागलं होतं. कर्वेनगरच्या ज्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत असे तिथे शेवटच्या वर्षाला आठ मुलं उरली होती, आणि समोरच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या जिन्यावर रांग लागत होती. आठांपैकी दोघांनी मला विचारलं होतं, "सर, याचा पुढे कॉम्प्युटरला काही उपयोग होतो का?" मी होतो म्हणालो. काय होतो ते त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

एवढा मोकळा वेळ असलेला माणूस शहरात दुसरा नसावा, कारण एका ट्रस्टच्या रुग्णालयाने मला 'किरण-सुरक्षा सल्लागार' नेमलं. रुग्णालयाला सीटी स्कॅनर मिळाला होता. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकांनी तो देणगी दिला होता. मालक अमेरिकेत बरीच वर्षं काढून परत आले होते, मशीनही तसंच. फरक एवढाच की मालकांना उतरवून घ्यायला क्रेन लागली नव्हती.

सीटी स्कॅनर सुरी न लावता माणसाचे काप करतो. माणूस आडवा पडून एका मोठ्या भोकातून सरकतो, आणि पडद्यावर त्याच्या शरीराच्या एकेका चकतीचं चित्र उमटतं. आमच्या मशीनवर चकतीची जाडी दोनच मापांची निवडता येत असे, दहा मिलिमीटर किंवा पाच. हा फरक किरकोळ नाही. दहा मिलिमीटरच्या चित्रात त्या दहा मिलिमीटरमधल्या सगळ्याची सरासरी दिसते, आणि सरासरीत बारीक गाठ हरवून जाते. म्हणून कान, मणका अशा बारीक जागी डॉक्टर पाच मागतात. पण पाचावर काप दुप्पट होतात, वेळ दुप्पट लागतो, मशीनची नळी तापते, आणि बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक उठून 'अजून किती वेळ' विचारायला येतात.

आता मशीन दहा म्हणतं तेव्हा खरंच दहा कापतं का, हे तपासायचं कसं? काप हातात घेऊन त्याला पट्टी लावता येत नाही, तो फक्त चित्रात असतो. त्यासाठी मशीनबरोबर लोणच्याच्या बरणीएवढा एक पारदर्शक प्लास्टिकचा डबा येतो. त्यात पाणी भरतात. आत धातूच्या दोन तिरक्या पट्ट्या असतात. भिंतीला शिडी टेकवावी आणि भिंतीवर वीतभर रुंदीचा आडवा पट्टा आखावा. शिडीचा काही भाग त्या पट्ट्यात येईल. शिडी जितकी आडवी, तितका तो भाग लांब. डब्यातली डावी पट्टी जास्त आडवी होती, तिची चित्रातली रेघ कापाच्या जाडीच्या दुप्पट यायची, म्हणून ती मोजून निम्मी करायची. उजवी पट्टी उभट होती, तिची रेघ जाडीएवढीच यायची, ती तशीच घ्यायची. डावं-उजवं कळावं म्हणून डब्याच्या काठावर लाल ठिपका होता. ठिपका वर ठेवला की डावी पट्टी डावीकडे. एवढंच शास्त्र. सातवीच्या मुलाला पाच मिनिटांत समजेल, आणि मी तर त्यात पदवी घेतलेली होती.

रुग्णालयाचा कारभार ट्रस्टचे चिटणीस पाहत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. निवृत्तीनंतरही सकाळी पेपर उघडला की आधी खडकवासला धरणाची पातळी वाचायचे आणि मग देशाचं काय चाललंय ते. मशीन चालवायला त्यांनी एक सुभेदार नेमले होते. सुभेदार मूळचे विदर्भातले. लष्करात वीस-बावीस वर्षं एक्स-रे आणि नंतर स्कॅनर चालवून खडकीहून निवृत्त झालेले. एक वर्षाची तात्पुरती नेमणूक, काम बघून कायम करू असं ठरलेलं. त्या भरवशावर त्यांनी खडकीचं क्वार्टर सोडलं होतं आणि रुग्णालयाच्या आवारातल्या दोन खोल्यांत बायको, दोन मुली आणि आईसह राहायला आले होते. वर्ष मार्गशीर्षात संपत होतं. कायम झाले तर खोल्या राहणार, नाही तर सामान पुन्हा टेंपोत. आवारातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, कारण त्यांची आई भेटेल त्याला विचारायची, "कायम केलं का जी माह्या पोराले?"

खंडेनवमीला रुग्णालयात यंत्रांची पूजा झाली. सुभेदार त्या वेळी गावी गेले होते. स्कॅनरच्या भोकाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, की-बोर्डवर हळदकुंकू वाहिलं. नंतर 'शिफ्ट'चं बटण चिकटू लागलं ते तेव्हापासून. पाटावर पूजेला मशीनची सगळी आयुधं मांडली होती, त्यात तो डबाही होता. आदल्या दिवशी रुग्णालयात साफसफाई करणाऱ्या मावशींनी तो साबण आणि काथ्या घेऊन असा घासला होता की तो मशीनपेक्षा नवा दिसू लागला. घासताना लाल ठिपका निघून गेला. गुरुजींनी डब्याला कुंकू लावलं, ते अर्थात त्यांच्या बाजूने. आणि मावशी जबाबदार बाई असल्यामुळे, गेलेला ठिपका परत असावा म्हणून त्यांनी एका नर्सकडून नखांना लावायचा लाल रंग मागून घेतला आणि कुंकवाच्या जागी पक्का ठिपका काढला. तो मूळ जागेच्या बरोबर समोर, म्हणजे उलट्या बाजूला पडला. हे सगळं मला दीड-दोन महिन्यांनी कळलं. इथे आधीच सांगितलं, कारण मी पुढे जे केलं ते वाचताना वाचकाने निदान माझ्यापेक्षा शहाणं असावं.

दसऱ्यानंतर आठवड्याने मी पहिली वार्षिक तपासणी केली. त्याआधीची कंपनीच्या इंजिनियरने केली होती. लाल ठिपका वर करून डबा ठेवला, दहाचं बटण दाबलं. मोजायला सोपं जावं म्हणून डावी पट्टी पडद्यावर मोठी करून घेतली; त्यामुळे उजवी पडद्याबाहेर गेली आणि माझ्या मनाबाहेरही. रेघ मोजली. निम्मी केली. उत्तर आलं, पाच पूर्णांक एक.

मी पुन्हा मोजलं. पाच पूर्णांक एक. दहा सांगितल्यावर मशीन पाच कापत होतं.

एखाद्या शहाण्या माणसाने इथे उजवी पट्टी मोजली असती. पुस्तिकेत तसं लिहिलंही होतं, जाड अक्षरात. पण तेवढ्यात चिटणीस चहा घेऊन आले आणि त्यांनी माझ्या हातातला कागद वाचला.

"दहा मागितले तर पाच?" ते म्हणाले. "म्हणजे कमी देतंय?"

"पातळ कापतंय," मी म्हणालो. "पण मला जरा..."

"अहो, पण पातळ चांगलं ना? तुम्हीच म्हणाला होतात, पातळ असलं की बारीकसारीक दिसतं."

"चांगलं खरं. पण दहा म्हणून पाच देणं हे मशीनच्या..."

"मी आयुष्यभर धरणाच्या भिंती पाहिल्या," चिटणीस म्हणाले. "जाडीवर विश्वास ठेवला. आता या वयात पातळपणाचं महत्त्व पटतंय." आणि कागद घडी करून खिशात घातला. पाचाचं बटण तपासायचं राहिलं, उजवी पट्टी राहिली, माझं वाक्यही राहिलं. चहा मात्र मी पूर्ण प्यायलो.

त्यानंतर गोष्टी पुणेरी वेगाने झाल्या. म्हणजे काम थांबलं आणि समारंभ सुरू झाला. चिटणीसांनी ट्रस्टच्या समितीत मांडलं की आपलं मशीन परदेशी कंपनीने सांगितल्यापेक्षा दुप्पट चांगलं आहे आणि हे आपल्या सल्लागारांनी शोधून काढलं. वर्तमानपत्रात छोटी जाहिरात आली. दिवाळी संपल्यावर रुग्णालयाच्या सभागृहात मला शाल आणि नारळ मिळाला. देणगीदार सॉफ्टवेअरवाले अध्यक्ष होते. ते म्हणाले की येणारं शतक पातळ गोष्टींचं आहे. कॉम्प्युटर पातळ होतील, फोन पातळ होतील, आणि पुण्याने ही दिशा ओळखली याचा त्यांना अभिमान वाटतो. तेव्हा मी हसू दाबलं. फोनबद्दल त्यांचं बरोबर निघालं, हे मान्य करायला हवं.

मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो की एका मोजमापावर फार विसंबू नये. हा माझा विनय आहे असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर तो डबा प्रवेशद्वाराजवळच्या काचेच्या कपाटात, व्याख्यानमालेच्या ढाली आणि रक्तदानाच्या स्मृतिचिन्हांशेजारी ठेवण्यात आला. कपाटाला कुलूप, किल्ली चिटणीसांकडे. अशा रीतीने मशीन तपासण्याचं एकमेव साधन मशीनच्या कौतुकार्थ कुलपात गेलं.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण चिटणीस इंजिनियर होते, आणि इंजिनियर माणूस फायदा दिसला की तो वापरल्याशिवाय राहत नाही. त्यांनी सुभेदारांना बोलावून सांगितलं, "यापुढे पाच मागितले तरी दहाचंच बटण दाबायचं. काप पाचाचेच पडतायत. निम्म्या वेळात काम होईल. आणि फिल्मवर पांढऱ्या पेन्सिलीनं पाच लिहायचं."

सुभेदार म्हणाले, "पडद्यावर दहा लिहून राहिलं ना साहेब."

"पडद्याला काय कळतं? आपण मोजलंय."

"मी पाच नाही लिहिणार जी. डॉक्टरीणबाईंनं पाच सांगितले तर पाचाचं बटण दाबीन आन् पाच लिहीन. दहाचं दाबलं तर दहा लिहीन."

चिटणीसांनी त्यांना लेखी ज्ञापन दिलं. 'आपण संस्थेच्या तांत्रिक प्रगतीस अडथळा आणीत आहात. कारणे दाखवावीत.' सुभेदारांनी त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिलं, 'कारण एक. पडद्यावर दहा दिसते.' खाली सही, हुद्दा, तारीख. चिटणीसांना उत्तरापेक्षा कागदाची पाठ वापरल्याचा राग जास्त आला. नेमणूक कायम करण्याचा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत होता. चिटणीसांनी त्यापुढे पेन्सिलीने 'पुनर्विचार' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं.

मी सुभेदारांना समजवायला गेलो. यात कपाळमोक्ष कुणाचा होणार आहे, हे मला अजून कळलेलं नव्हतं.

"सुभेदार, लिहून टाका ना पाच," मी म्हणालो. "मी मोजलंय. कागदावर माझी सही आहे."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि दोन चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. "हे पाचाचं बटण, हे दहाचं. पाहा सर. पातळ काप असला का चित्र दाणेदार येते, रव्यासारखं. किरणं कमी भेटतात त्याले. हे पाचाचं रवा आहे, हे दहाचं मैदा आहे. तुमच्या म्हणण्यानं दहाच्या बटणावर पाच कापून राहिलं, तर हेबी रवाच दिसायला पाहिजे. दिसते का?"

दिसत नव्हतं. मैदा होता.

"मी काही तुमच्यासारखा शिकेल नाही," सुभेदार म्हणाले. "पण डोळे आहेत ना जी."

मी त्या क्षणी जे म्हणालो ते आठवून अजून कानशिलं गरम होतात. मी म्हणालो, "डोळ्यांवर विसंबून चालत नाही, सुभेदार. मोजमाप महत्त्वाचं." एका मोजमापावर फार विसंबू नये, असं शालीखालून सांगितलेल्या माणसाचं हे वाक्य. सुभेदारांनी मैद्याचं चित्र पुसलं आणि रव्याचं तसंच ठेवलं, आणि मी बसलो होतो ते स्टूल रुग्णाच्या नातेवाइकाला लागेल म्हणून उचलून नेलं.

घरी जाऊन मी पुस्तिका काढली. जाड अक्षरातलं वाक्य वाचलं. मग डबा पुन्हा तपासायला हवा, इतपत अक्कल आली. पण डबा कपाटात आणि चिटणीस म्हणाले की सन्मानाची वस्तू बाहेर काढायला समितीची परवानगी लागेल. मी मावशींना विचारलं. कपाट आतून पुसायचा त्यांचा वार शनिवार होता. त्या दिवशी किल्ली त्यांच्याकडे असायची.

शनिवारी मावशींनी डबा माझ्या हातात दिला. मी तो प्रथमच नीट उजेडात पाहिला. ठिपका चकचकीत आणि किंचित गुलाबी होता.

"मावशी, हा रंग कसला?"

"नखाला लावायचा हाय," मावशी म्हणाल्या. खडकवासल्याच्या पलीकडच्या गावातून त्या रोज येत. "आधीचा ठिपका घासताना निघला. म्या म्हणलं, सायबाची खूण व्हती, पुन्हा असाया पायजे. मंग कुकू व्हतं तिथंच काढला."

"आधीचा तिथंच होता?"

"तिथं कसा असंल? आधीचा पल्याड व्हता, ह्या इकडं. हितं गुरुजींनी कुकू लावलं नव्हं का." त्यांनी डबा फिरवून दाखवला. तिथे घासलेल्या प्लास्टिकवर जुन्या रंगाची पुसट कडा अजून होती. "काय चुकलं व्हय?"

"तुमचं नाही," मी म्हणालो.

ठिपका उलट, म्हणजे डबा उलटा. डबा उलटा, म्हणजे मी डावी समजून मोजली ती उभट उजवी पट्टी. जी रेघ तशीच घ्यायची ती मी निम्मी केली होती. दहाचे पाच मशीनने केले नव्हते, मी केले होते.

पहिली भीती वाटली ती पेशंटची. मी रुग्णालयाच्या रेडिऑलॉजिस्ट बाईंकडे, म्हणजे सुभेदारांच्या डॉक्टरीणबाईंकडे, गेलो. त्या सगळ्या फिल्म वाचून रिपोर्ट लिहीत. जे झालं ते त्यांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मी दहा धरूनच रिपोर्ट दिलेत," त्या म्हणाल्या. "आणि मला पाच हवे होते तेव्हा सुभेदारांनी पाचच काढून दिलेत. जाहिरात वाचून मी रिपोर्ट लिहीत नाही."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"सत्काराला मला बोलावलं नव्हतं."

उरला प्रश्न सुभेदारांचा. मी समितीला पत्र लिहिलं. चूक माझी आहे, मशीन पहिल्यापासून दहाला दहाच कापत आहे, सुभेदारांचं म्हणणं बरोबर होतं, त्यांच्यावरचं ज्ञापन मागे घ्यावं. चार ओळींचं पत्र होतं. माणसाने स्वतःची चूक कबूल केली की विषय संपतो, असा माझा तोपर्यंत समज होता.

समितीच्या बैठकीत पत्रावर पाऊण तास चर्चा झाली. पहिला मुद्दा असा निघाला की सत्कार इतिवृत्तात नोंदलेला आहे. तेव्हा सत्कारमूर्ती चुकू शकतात का? एका वयस्कर सदस्यांचं मत पडलं की चुकू शकतात, पण सत्काराच्या विषयात नाही. शेवटी ठरलं की समितीने प्रत्यक्ष पाहावं.

सात सदस्य स्कॅनरच्या खोलीबाहेर जमले. वातानुकूलित खोली म्हणून सगळ्यांनी बाहेर चपला काढल्या, आणि चपला काढल्यामुळे आवाज आपोआप खाली आले. मी कपाटातला डबा समितीच्या रीतसर परवानगीने घेतला, खऱ्या बाजूने ठेवला, सुभेदारांनी दहाचं बटण दाबलं. डावी रेघ मोजून निम्मी केली. दहा पूर्णांक दोन. या वेळी उजवीही मोजली. दहा पूर्णांक दोन. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

चिटणीसांचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे ऑक्टोबरमध्ये पाच होते, आणि आता दहा झाले."

"झाले नाहीत. पहिल्यापासून..."

"दोन महिन्यांत दुप्पट," चिटणीस समितीला म्हणाले. "मशीन चालवतंय कोण?"

सगळ्यांनी सुभेदारांकडे पाहिलं. माझी कबुली माझ्या डोळ्यांदेखत उठून त्यांच्या अंगावर जाऊन बसली होती. वयस्कर सदस्यांनी हळहळून मान हलवली. धरणात गाळ साठतो तसं यात काही साठतं का, असं कुणीतरी विचारलं, आणि चिटणीसांना तो प्रश्न फार समंजस वाटला.

सुभेदार आत मशीनपाशी गेले, डबा अर्धा फिरवून लाल ठिपका वर आणला, बाहेर येऊन बटण दाबलं. "मोजा सर." मी डावीकडची रेघ मोजून निम्मी केली. पाच पूर्णांक एक. ते पुन्हा आत गेले, डबा परत फिरवला. दहा पूर्णांक दोन. तिसऱ्यांदा पाच. मशीनला हात लावला नव्हता, फक्त डबा फिरवला होता.

"बोला साहेब," सुभेदार शांतपणे म्हणाले. "कोणता पाहिजे? जो म्हणाल तो काढून देतो."

समितीला समजलं होतं. मला वाटतं सगळ्यांना एकदमच समजलं. चिटणीसांनी घसा साफ केला.

"मग," ते म्हणाले, "डबा तसाच उलटा ठेवायला काय हरकत आहे?"

मी आयुष्यात बरेच युक्तिवाद ऐकले आहेत, पण याच्याइतका स्वच्छ ऐकला नाही. मी एवढंच म्हणालो की उलट्या डब्यावर मी सही करणार नाही. चिटणीस म्हणाले, सल्लागार दुसरेही मिळतात. मशीन चालवणारेही मिळतात. आठ मुलांचा वर्ग असलेले प्राध्यापक शहरात बरेच होते, तेव्हा त्यांचं खोटं नव्हतं.

तेव्हा रेडिऑलॉजिस्ट बाई दारात उभ्या होत्या. बैठकीला त्यांना बोलावलं नव्हतं. त्या एका पेशंटची फिल्म न्यायला आल्या होत्या. त्यांच्या हातात मशीन चालवण्याच्या परवान्याचा फॉर्म होता. दर वर्षी भरून वरच्या कार्यालयाला पाठवायचा.

"हा या महिन्यात जायचाय," त्या म्हणाल्या. "जाडीच्या तपासणीखाली दोन सह्या लागतात. सल्लागाराची आणि मशीन चालवणाऱ्याची. तळटीप वाचा."

चिटणीसांनी वाचली. मशीन चालवणारी व्यक्ती संस्थेच्या कायम सेवेत असावी. तात्पुरत्या व्यक्तीची सही ग्राह्य धरली जाणार नाही.

"नवा माणूस नेमा," बाई म्हणाल्या. "आपल्या नियमाप्रमाणे एक वर्षानं कायम होईल. तोवर मशीनला तोरण बांधून ठेवू."

यावर समितीने पंधरा मिनिटं घेतली. त्यातली दहा ठरावाची भाषा ठरवण्यात गेली. 'चूक' हा शब्द कुठेही येऊ नये अशी चिटणीसांची इच्छा होती, आणि तो आला नाही. ठराव असा झाला की उपकरणाच्या दिशेबाबत काही नवी माहिती उपलब्ध झाल्यामुळे कापाची जाडी दहा धरण्यात यावी, आणि मशीन चालवणाऱ्यांनी दाखवलेल्या तत्परतेबद्दल त्यांना सेवेत कायम करण्यात यावं. ज्ञापनाचा उल्लेख नव्हता. माझ्या शालीचाही.

पत्र तिथल्या तिथे टाइप झालं. सुभेदारांनी ते उभ्याने दोनदा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं आणि घरी सांगून येतो म्हणाले. आवार ओलांडून गेले आणि पाच मिनिटांत परत आले. त्यांच्या आईने काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण खिडकीतून ती म्हातारी दारात येऊन पदराने डोळे पुसताना दिसली.

मग चिटणीसांनी फॉर्म पुढे केला. मी आधी सही केली. सुभेदारांनी माझं पेन न घेता स्वतःचं काढलं. आधी तारीख घातली, मग हुद्दा, 'कायम' या शब्दापुढे खूण केली, आणि जाडीच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, १०.२. खाली सही.

चिटणीस वाकून पाहत होते. "ते पॉइंट दोन नसतं तर बरं दिसलं असतं," ते म्हणाले. "नुसतं दहा."

"दोन आहे साहेब," सुभेदार म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

चिटणीसांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. फॉर्म पाकिटात घालताना ते स्वतःशीच पुटपुटले, "आता काही बोलता यायचं नाही. कायम झालेत ते."